हाक आणि दवंडी

दसऱ्याच्या सकाळी पांढरकवड्याच्या आमच्या घरापुढे नवी मोटरसायकल उभी राहिली. तिच्या हॅण्डलला आधी झेंडूचे तोरण बांधायचे, की मिस्त्रीने पिशवीतून आणलेली ती दोन यंत्रे आधी बसवायची, यावरून घरात एक लहानशी चकमक उडाली. तोरणाचा पक्ष माझा. यंत्रांचा पक्ष सौभाग्यवतींचा. आमच्या घरात बहुमत कोणाच्या बाजूला असते हे जाणत्या वाचकांना सांगायला नको. मिस्त्री पुढे सरसावला, त्याने गाडीची सीट उचकटली, आणि झेंडूची माळ माझ्या हातात तशीच लोंबत राहिली.

हा प्रकार केवळ हौसेचा असता तर मी त्यावर चार ओळीही खरडल्या नसत्या. पण त्याला कारण घडले होते. सौभाग्यवती नर्स आहेत. पांढरकवड्याच्या भोवती, घाटंजी, मारेगाव, झरीपर्यंतच्या रानात कोलामांची पोडे विखुरलेली आहेत. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. गावापासून जरा अलग, रानाच्या कडेने वसलेली, थोडक्या घरांची. अशा पोडांवर लसी आणि औषधे घेऊन जाणे हे तिचे काम, आणि शाळेला सुटी असेल तेव्हा तिला मागे बसवून नेणे हे माझे. गेल्या श्रावणात एका पोडावरची बाई अडली. तिला आणण्यासाठी निघालेली गाडी यंत्रातल्या नकाशाबरहुकूम बरोबर निघाली, बरोबर वळली, आणि एका दुथडी वाहणाऱ्या नाल्याच्या काठाशी येऊन थांबली. पोड नाल्याच्या पलीकडे! गाडी फिरून दुसऱ्या वाटेने पोचेपर्यंत ती बाई तिथेच कंदिलाच्या उजेडात मोकळी झाली. दैव बरे, आई आणि मूल दोघेही सुखरूप राहिले. पण त्या रात्री घरी आल्यावर ही जेवली नाही. ‘वाट सांगणारं काहीतरी आपल्यापाशी पाहिजे. आणि चालत्या गाडीवर मला तुमच्याशी बोलता आलं पाहिजे. मागून मी ओरडते ते तुम्हाला ऐकूच येत नाही,’ एवढेच ती म्हणाली. जुनी गाडी काढून नवी घेण्याचे त्याच रात्री ठरले, आणि गाडीबरोबर ही दोन यंत्रेही.

ती यंत्रे कोणती ते आधी सांगतो. पहिले हेल्मेटमधले. हेल्मेटच्या आत कानांपाशी थोडी खोलगट जागा असते. तिथे रुपयाहून जरा मोठे असे दोन चपटे स्पीकर चिकटवायचे. तोंडापुढे फोमची टोपी घातलेला इवलासा माईक आणायचा. आणि बाहेर डाव्या अंगाला काडेपेटीएवढी डबी अडकवायची. अशी दोन हेल्मेटे तयार झाली की पुढच्या-मागच्या माणसांना घरातल्या ओसरीवर बसल्यासारखे बोलता येते. दुसरे यंत्र वाट दाखवणारे. त्याची काच हॅण्डलवर एका पकडीत बसते. गाडीची थरथर यंत्राच्या पोटात जाऊ नये म्हणून त्या पकडीत रबर असते. मिस्त्रीने त्याची वायर टाकीखालून बॅटरीपर्यंत नेली, मध्ये फ्यूज घातला, आणि चावी काढली की वीजही बंद व्हावी अशी जोडणी केली. नाहीतर रात्रभर यंत्र जागे आणि सकाळी गाडी झोपलेली! मग त्याने हॅण्डल डावीकडे आणि उजवीकडे पुरते वळवून वायर कुठे ताणत नाही ना हे तीन वेळा पाहिले. तेव्हा कुठे माझ्या तोरणाला जागा मिळाली.

केळापूरच्या जगदंबेपुढे नारळ फोडायला म्हणून आम्ही निघालो. गेली वीस वर्षे गाडीवरचा आमचा संसार खांद्यावरच्या थापांवर चालला होता. एक थाप म्हणजे थांबा, दोन थापा म्हणजे हळू, आणि चिमटा म्हणजे काय ते विवाहित वाचक जाणतातच. आज एकाएकी कानाशी आवाज आला, ‘ऐकू येतं का हो?’ इतक्या जवळून, इतका शांत आवाज चालत्या गाडीवर मी प्रथमच ऐकत होतो. मी उत्तर द्यायच्या आत तिसराच एक आवाज मध्ये पडला : ‘दोनशे मीटरनंतर उजवीकडे वळा.’ क्षणभर शांतता. मग मागून प्रश्न आला, ‘ही बाई कोण?’

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी पुष्कळ दूर जाऊन आलो. माझ्या कानात बोलणारे आवाज दोन, आणि त्यांची कुळे निराळी. पहिली हाक आहे, दुसरी दवंडी. हाक एका माणसाने एका माणसाला मारायची असते आणि तिला ‘ओ’ यावा लागतो. दवंडीचे तसे नाही. कोतवाल चावडीपुढे डफ वाजवतो, सांगायचे ते मोठ्याने सांगतो आणि पुढच्या आळीला जातो. कोणी ऐकले, कोणी ऐकले नाही, याची चौकशी तो करीत नाही.

आधी हाकेचे कूळ पाहू. आपल्याकडे हाक हे अंतराचे मापच आहे. शेत हाकेच्या अंतरावर आहे असे आपण सहज म्हणून जातो. पण हाकेला वेगाचे वैर. बैलगाडीत ती चालते, घोड्यावर अडखळते, आणि यंत्राच्या वाहनावर वाऱ्यात विरून जाते. ही अडचण पहिल्यांदा जिवावर आली ती विमानात. पहिल्या महायुद्धात उघड्या विमानात पुढे एक, मागे एक असे शिक्षक आणि शिष्य बसत. इंजिनाच्या घरघरीत शिक्षकाचे बोलणे शिष्याला ऐकू जात नसे. इंग्लंडात गॉसपोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या वैमानिकाने १९१७ च्या सुमारास शिकवण्याची नवी पद्धत घालून दिली. तीत शिक्षकाच्या तोंडापासून शिष्याच्या कानापर्यंत एक साधी नळी नेली होती. ना वीज, ना लहर, नुसती नळी. पुढे ती गॉसपोर्ट नळी म्हणूनच ओळखली गेली. आमच्या हेल्मेटमधल्या डबीची ती खापरपणजी म्हणावी.

नळीच्या जागी आता रेडिओलहर आली. पण लहरींचा बाजार भरलेला. एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचे बोलणे मिसळते. त्यावरची युक्ती मोठी गमतीची आहे. एकाच लहरीवर बसून राहायचेच नाही. दोघांनी आधी ठरवून घेतलेल्या क्रमाने या लहरीवरून त्या लहरीवर उड्या मारीत बोलायचे. ही युक्ती लढाईतल्या टॉर्पेडोंना दिशा देण्यासाठी वापरावी, शत्रूला तीत गोंधळ घालता येणार नाही, अशी कल्पना मांडून १९४२ मध्ये अमेरिकेत ज्या दोघांनी पेटंट मिळवले त्यांत एक होती हॉलिवुडची नटी हेडी लामार, आणि दुसरा जॉर्ज अँथील हा संगीतकार. संगीतकाराने लहरींची संख्या सुचवली ८८. पियानोच्या पट्ट्याही तितक्याच! त्या युद्धात कोणी तिकडे ढुंकून पाहिले नाही. आज आमच्या डब्यांत ज्या तऱ्हेची जोडणी असते, ती ब्लूटूथ, तिचे तत्त्व हेच : ७९ लहरी आणि सेकंदाला १,६०० उड्या. तिला नाव मिळाले ते दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाच्या टोपणनावावरून. त्याचा अर्थ निळा दात. त्याने माणसे एका छत्राखाली आणली, हिने यंत्रे आणावी, हा त्यातला आशय.

आता दवंडी. पुष्कळांची, आणि परवापर्यंत माझीही, अशी समजूत होती की आकाशातला उपग्रह आपल्याला पाहतो आणि आपण कुठे आहोत ते सांगतो. तो काही पाहत नाही. आपण आहोत हेही त्याला ठाऊक नसते. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो फक्त दवंडी पिटत असतो : ‘मी अमुक ठिकाणी आहे, आणि माझ्या घड्याळात आता इतके वाजले आहेत.’ ही दवंडी प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, खाली येते. ती निघाली केव्हा आणि पोचली केव्हा यातला फरक काढला की उपग्रह किती दूर आहे ते आपल्या यंत्राला कळते. एका उपग्रहावरून भागत नाही. मी वणीपासून इतका दूर, यवतमाळपासून इतका, हिंगणघाटपासून इतका असे तिघांचे अंतर सांगितले म्हणजे नकाशावर माझी जागा एकच उरते, तसेच हे. चौथा उपग्रह लागतो तो आपल्या स्वस्तातल्या घड्याळाची चूक पकडण्यासाठी. कारण सगळा खेळ घड्याळाचा आहे. सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली तर जागा ३०० मीटरनी हुकते. म्हणून उपग्रहांत अणुघड्याळे ठेवतात. तिथेही आइन्स्टाइनसाहेब आडवे येतातच : उंचीमुळे आणि वेगामुळे वरचे घड्याळ खालच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. तेवढे दुरुस्त केले नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरहून अधिक घोळ व्हावा.

म्हणजे ‘तू कुठे आहेस?’ या प्रश्नाचे उत्तर कोतवाल देत नाही. ते आपले यंत्र बेरीज-वजाबाकी करून काढते. आणि तेही उत्तर म्हणजे नुसते दोन आकडे. आमच्या दारात काचेवर दिसते : २०.०२ आणि ७८.५३. अक्षांश आणि रेखांश. या आकड्यांना पांढरकवडा म्हणायचे हे आकाशाला माहीत नसते. ते पूर्वी कोणी माणसाने पायी येऊन, विचारून, लिहून ठेवलेले असते. येथे दवंडीची कथा संपते आणि नकाशाची सुरू होते. आणि ती कथा आमच्या दारावरून गेलेली आहे.

आमच्या गावावरून जो हमरस्ता जातो तो राष्ट्रीय महामार्ग ४४, कन्याकुमारीपासून श्रीनगरपर्यंतचा. त्यावर उत्तरेला सत्तरएक किलोमीटर गेले की हिंगणघाट लागते. बाजारपेठेचे गाव, कापसासाठी प्रसिद्ध. त्या गावात एका इंग्रजाची कबर आहे. विल्यम लॅम्ब्टन त्याचे नाव. सत्तरीच्या घरातला हा म्हातारा हैदराबादहून नागपूरकडे आपले बिऱ्हाड हलवीत असता वाटेत हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी वारला. त्या वेळी वर्धा नदीच्या अलीकडचा आमचा मुलूख निजामाचा आणि पलीकडचा नागपूरकर भोसल्यांचा. १८०३ च्या देवगावच्या तहाने ती सीमा ठरली होती. लॅम्ब्टन मेला तो भोसल्यांच्या मुलखात. पण तो कोणाचे ठाणे घ्यायला आलेला नव्हता. तो पृथ्वी मोजत होता.

त्याची मोजणी सुरू झाली १० एप्रिल १८०२ रोजी, मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी. सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा त्याने पोलादी साखळीने मोजली. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून साखळी सावलीत ठेवून, तापमान पाहून, पुन्हा पुन्हा मोजली. एवढी एक बाजू पक्की झाली की पुढे साखळीची गरज नाही. दोन टोकांवरून दूरच्या टेकडीवरचे निशाण पाहायचे, कोन मोजायचे, आणि त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या. त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. शाळेतली पोरे ज्या भूमितीच्या नावाने बोटे मोडतात, तिच्याच खांद्यावर बसून हा माणूस दक्षिणेकडून उत्तरेकडे चालला होता.

कोन मोजायचे त्याचे यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते विलायतेहून येताना वाटेत फ्रेंचांनी जहाजासह पकडले आणि मॉरिशसला नेले. पण हे शास्त्राचे काम आहे असे कळताच सन्मानाने परत पाठवले. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. लॅम्ब्टनने तंबूत स्वतःला सहा आठवडे कोंडून घेऊन त्याचे वाकलेले चक्र सरळ केले. मिस्त्रीने आमच्या हॅण्डलवर बसवलेले यंत्र दोन बोटांत मावते. ते उचलताना मला त्या अर्ध्या टनाची आठवण होते, आणि मग ते उचलणाऱ्यांची.

कारण ते लॅम्ब्टनने उचलले नव्हते. उचलले ते खलाशांनी. झाडी तोडली ती त्यांनी, टेकडीच्या माथ्यावर निशाण धरून उभे राहिले ते त्यांनीच. रानातल्या तापाने त्यांतले किती गेले याची गणती नाही. लॅम्ब्टनचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट तेलंगणाच्या जंगलात तापाने असा खंगला की १८२० मध्ये हवापालटासाठी त्याला आफ्रिकेच्या टोकाला जावे लागले. साहेबाला केप ऑफ गुड होप होते; खलाशाला कुठले केप! लॅम्ब्टनच्या मागे एव्हरेस्टने ही रेषा हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली आणि १८४३ मध्ये तो निवृत्त झाला. कन्याकुमारीपासून सुमारे २,४०० किलोमीटर लांबीची, ७८ व्या रेखांशाच्या जवळून गेलेली ही मोजणी. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेचे दारव्हा, दिग्रस त्याच रेखांशाच्या आसपासचे. पुढे या मोजणीच्या आधारावर हिमालयाची शिखरे मोजली गेली. राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाच्या आकडेमोडीतून १८५२ मध्ये पंधरा क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच ठरले, आणि १८६५ मध्ये त्याला नाव मिळाले एव्हरेस्टचे. एव्हरेस्टने ते शिखर मोजले नव्हते, सिकदारांनी मोजले होते. पण नावे देण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो हे इतिहासात निराळे सांगावे लागत नाही.

जिथे साहेबाला जाता येत नव्हते तिथे आपलीच माणसे गेली. कुमाऊँचे शाळामास्तर नैनसिंग रावत १८६५-६६ मध्ये वेष पालटून तिबेटात ल्हासापर्यंत चालत गेले. हातात जपमाळ, पण तिचे मणी १०८ नव्हते, १०० होते. शंभर पावले झाली की एक मणी सरकवायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी टिपणांचे कागद. वाट दाखवणाऱ्या आजच्या यंत्राचा पूर्वज कुठे शोधायचा असेल तर तो मला त्या माळेत सापडतो. आणि शाळामास्तर म्हणून अंगावर जरा मूठभर मांसही चढते.

हे सगळे कशासाठी चालले होते? लॅम्ब्टनला पृथ्वीच्या आकाराचे वेड होते, हे खरे. पण त्याचा पगार देणाऱ्या कंपनीला मुलूख हवा होता. फौज कुठून न्यायची, सारा कुठे बसवायचा, हे नकाशावाचून कळत नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी कारभारात आले. मग आमच्या भागाला आधी वणी जिल्हा म्हणून नाव मिळाले आणि १९०५ पासून यवतमाळ. मोजला गेलेला मुलूख राज्य करायला सोपा पडतो. रयतेला मात्र मोजणीदार आला की धडकी भरे. आता काहीतरी द्यावे लागणार, एवढेच तिला त्यातून समजे. पोडावर गेले की अजूनही म्हातारी माणसे हातात कागद असलेल्या माणसाकडे तशाच नजरेने पाहतात.

आकाशातल्या दवंडीची कुळकथाही याहून निराळी नाही. अमेरिकेच्या लष्करासाठी १९७३ मध्ये तिची आखणी झाली आणि १९७८ मध्ये पहिला उपग्रह चढला. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले; २६९ माणसे गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जाहीर केले की ही दवंडी पुरी झाली की जगातल्या सामान्य माणसालाही फुकट ऐकता येईल. वाट चुकलेल्या त्या माणसांचे हे देणे आमच्या हॅण्डलपर्यंत पोचले आहे. चोवीस उपग्रहांचा मेळ १९९५ मध्ये पुरा झाला. तरी सामान्यांच्या दवंडीत मुद्दाम चूक कालवलेली असे. जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. मे २००० च्या आरंभी ती कालवाकालव बंद झाली, आणि मगच हे यंत्र गल्लीबोळ ओळखू लागले.

पण कोतवाल दुसऱ्याच्या गावचा. त्याने उद्या डफ खाली ठेवला तर? म्हणून भारताने २००६ मध्ये आपली स्वतःची व्यवस्था उभारायचे ठरवले. १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून तिचा पहिला उपग्रह उडाला, २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा, आणि त्याच दिवशी तिला नाव मिळाले ‘नाविक’. भारत आणि सीमेपलीकडे १,५०० किलोमीटर एवढा तिचा टापू. पहिल्या उपग्रहातली परदेशातून आणलेली तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी स्वतःचे अणुघड्याळ तयार केले आणि २९ मे २०२३ रोजी ते एका नव्या उपग्रहातून वर गेले. जानेवारी २०२५ मधला पुढचा उपग्रह चढला खरा, पण ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. असे पडत-उठत हे काम चालते. लॅम्ब्टनचा दोर तुटला होता, तसेच हे.

हे सारे डोक्यात घोळत असतानाच एका रविवारी आम्ही हिंगणघाटला जाऊन आलो. करंजी, वडकी मागे पडली. वर्धा नदीचा पूल ओलांडताना मी हेल्मेटमधूनच सौभाग्यवतींना निजाम-भोसल्यांच्या सीमेचा पाठ दिला. ‘समोर बघा, ट्रक येतोय,’ असा त्यावर अभिप्राय मिळाला. कबरीपाशी आम्ही फार वेळ थांबलो नाही. परतताना बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘त्या निशाण धरणाऱ्यांची नावं कुठं लिहिली असतील का हो?’ मी म्हटले, ‘बहुतेकांची नसतीलच.’ ‘मग आपल्या पोडाचं तरी लिहून टाकू,’ ती म्हणाली.

पुढच्या सुटीला आम्ही श्रावणातल्या त्याच पोडाकडे निघालो. यंत्रातल्या बाईंनी आम्हाला मोठ्या आत्मविश्वासाने एका पऱ्हाटीच्या शेतात नेऊन सोडले आणि ‘आपण इच्छित स्थळी पोचला आहात’ असे बजावले. पुढे वाट नव्हती. बोंडे फुटलेली पऱ्हाटी होती. तेवढ्यात धुऱ्यावरून एक म्हातारबा आले. हिला त्यांनी लांबूनच ओळखले.

‘इकडं काहून आले बाई? हे वाट तं नाल्यात जाते. त्या मोहापासून डावीकडं घ्या.’

मोहाच्या झाडापासून आम्ही डावीकडे घेतले, आणि पोड आले. अंगणात बसून हिने आपली वही उघडली. त्या बाईच्या बाळाला मांडीवर घेऊन तिने त्याचे वजन आधी लिहिले. मग माझ्याकडून यंत्रातले दोन आकडे वाचून घेतले आणि दशांशचिन्हापुढचे पाच अंक तपासून लिहिले. त्याखाली लिहिले : ‘पावसाळ्यात शेताची वाट धरू नये. नाला आहे. मोहाच्या झाडापासून डावीकडे.’ मग पोडाचे नाव लिहू लागली. म्हातारबा तोंडाकडे पाहत होते. तिने लिहिलेले वाचून दाखवताच त्यांनी मान हलवली. कागदोपत्री चालते ते नाव निराळे, आणि पोडाची माणसे कोलामीत म्हणतात ते निराळे. त्यांनी ते दोनदा उच्चारून दाखवले. तिने खोडून पुन्हा लिहिले, पुन्हा वाचले. तेव्हा त्यांचे समाधान झाले.

‘मंग आता पावसात येईन का जी गाडी?’ त्यांनी विचारले.

ही चटकन बोलली नाही. वही मिटून म्हणाली, ‘वाट चुकणार नाही बाबा, एवढं नक्की. दुसरी वाट लांबची आहे. नाल्यावर पूल होईस्तोवर वेळ लागेलच.’

खोटा दिलासा तिने दिला नाही, आणि म्हातारबांनीही तो मागितला नाही. आम्ही निघालो. हमरस्ता लागेपर्यंत कानात ना हाक होती, ना दवंडी. मग हळूच आवाज आला, ‘ऐकताय ना?’

‘ओ,’ मी म्हटले.

‘तुम्ही एवढ्या कादंबऱ्या लिहिता. नाल्यावरच्या पुलाचा एक अर्ज लिहून द्या मला. नीट, नकाशासकट. पोडाचं नाव ते म्हणतात तसंच घाला.’

या दिवाळीत फराळाच्या ताटाआधी आमच्या घरात तो अर्ज लिहून झाला. दोन पानांचा आहे. सगळ्यात वर ते दोन आकडे आहेत, आणि त्यांच्या शेजारी पोडाचे नाव.